इंदूरचा खड्डा आणि देवनारची माती

पुस्तक : ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’
लेखक : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड
प्रकाशक : ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, १९३१

देवनारमधल्या एका शाळेच्या मागे सुमारे एक गुंठा मोकळी जागा आहे. काही वर्षांपूर्वी तिथे परसबाग करायचे ठरले. मदतीला मीही होतो. जूनचा पहिला पाऊस पडला आणि मुले उत्साहाने खणायला लागली. माती काळपट आणि विलक्षण चिकट. कुदळीला धरलेले लगदे काडीने खरवडून काढावे लागत. बागकामाच्या पुस्तकांत हमखास सापडणारा उपाय आम्हीही केला. अर्धा ब्रास वाळू आणून त्या मातीत मिसळली, तुडवून सारखी केली आणि वांगी, मिरची, टोमॅटो लावले. कडेने खड्डे घेऊन पपईची चार रोपेही लावली.

जुलैच्या मुसळधार पावसात पपईच्या खड्ड्यांत पाणी साचले आणि चारही रोपांनी माना टाकल्या. वांगी पिवळी पडली. ऑक्टोबरचे ऊन लागल्यावर जमीन अशी कडक झाली की खुरपे आत जाईना. सहावीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘बाई, ही बाग आहे का वीटभट्टी?’’

तिचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला, पण तो नेमका होता. वीटभट्टीवालाही चिकणमातीत वाळू घालतो, ती ओली असताना तुडवतो आणि उन्हात वाळवतो. आम्ही वेगळे काय केले होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना हाती आले ते नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीचे पुस्तक. भारी मातीवर इतके नेमके आणि उपयोगी लिखाण क्वचितच आढळते. तरीही देवनारच्या शाळेने ते जसेच्या तसे उचलले, तर पुन्हा नवी चूक होईल. म्हणून त्याचे हे परीक्षण.

पुस्तकाची जन्मकथा

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत आले. तिथे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी गव्हावर केलेले काम प्रसिद्ध आहे. पुढे १९२४ मध्ये इंदूर येथे, होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर, ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. विषय कापसाचा, आणि जमीन माळव्याची, म्हणजे काळी आणि भारी. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तिची वेगळी ओळख करून द्यायला नको.

या जमिनीत सेंद्रिय पदार्थ कमी आहेत आणि शेणाचा मोठा भाग गोवऱ्या थापून चुलीत जातो, हे तिथे लवकरच लक्षात आले. मग शेतातल्या टाकाऊ वस्तूंपासून खत कसे करावे याचे प्रयोग सुरू झाले. त्यातून तयार झालेली रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. गॅब्रिएल हॉवर्ड १९३० मध्ये निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी हे पुस्तक निघाले.

मुखपृष्ठावरचे दुसरे नाव यशवंत वाड यांचे आहे. मराठी वाचकाला हे नाव परके वाटू नये. खत कुजताना त्यात काय काय बदलते, हे मोजणे म्हणजे रसायनशास्त्राचे काम होते आणि पुस्तकाचा कणा तेच आहे. पण हॉवर्ड यांचे १९४० चे ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ गाजले, सेंद्रिय शेतीच्या चळवळीने त्यांना गुरुस्थानी मानले आणि वाड हे नाव मागे पडले. आपण मुलांना इंदूर पद्धत शिकवतो तेव्हा निदान दोन नावे सांगायला हरकत नाही.

पुस्तक काय सांगते?

पुस्तकाचा मुख्य मुद्दा साधा आहे. पीक काढून नेल्यावर शेतात जे उरते, म्हणजे धसकटे, तण, पालापाचोळा, कडबा, ते थेट जमिनीत गाडू नये. ते आधी जमिनीबाहेर, हवा आणि पाणी देऊन कुजवावे आणि मगच जमिनीला द्यावे. न कुजलेला पाचोळा जमिनीत घातला, तर त्याला कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि पिकाची उपासमार होते.

याला आज आपण कर्ब-नत्र गुणोत्तर म्हणतो. ढिगात सुरुवातीला ३३ भाग कर्बाला १ भाग नत्र असावे आणि खत तयार झाल्यावर ते १० भागांना १ भाग इतके खाली यावे, असा इंदूरच्या मोजमापांचा निष्कर्ष होता. हे साधण्यासाठी वाळका पाला, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यायचे. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल. जास्त खोल केला तर तळापर्यंत हवा पोचत नाही. पहिली उलथापालथ १० ते १४ दिवसांनी, दुसरी त्यानंतर पंधरवड्याने, तिसरी भरल्यापासून दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग करायचे.

या सूचनांत कुठेही ‘थोडेसे’, ‘अंदाजे’, ‘आवश्यकतेनुसार’ असे शब्द टाकून वेळ मारून नेलेली नाही. कापसाच्या टणक पऱ्हाट्या कुजत नाहीत, ही अडचण घ्या. लेखक सांगतात की त्या शेतातल्या रस्त्यावर पसराव्यात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाके त्या फोडून देतात, वेगळे यंत्र लागत नाही. कामात हात घातलेल्या माणसालाच असे सुचते. या पुस्तकाचा सूर उपदेशाचा नाही, मोजमापाचा आहे. पुढे १९४० च्या पुस्तकात हॉवर्ड रासायनिक खतांवर तुटून पडतात आणि काही ठिकाणी पुराव्यापुढे धावतात. विज्ञानशिक्षकाला म्हणून मी आधी हे १९३१ चे पुस्तक सुचवीन.

वाळूचा हिशेब

आता आमच्या वीटभट्टीकडे वळू. वाळूच्या उपायाचा फोलपणा साध्या अंकगणितातून दिसतो. सातवी-आठवीच्या वर्गात हे गणित जरूर घालावे.

एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती धरली तर सुमारे १५ घनमीटर. घनमीटरला १.३ टन धरले तर वजन सुमारे २० टन. समजा, या मातीत निम्मे, म्हणजे १० टन, चिकणकण आहेत. हे प्रमाण ५० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणायचे तर आणखी २० टन वाळू हवी. म्हणजे साधारण साडेचार ब्रास! आम्ही घातली होती अर्धा ब्रास, सव्वादोन टनांच्या आसपास. तिने चिकणकणांचे प्रमाण ५० वरून जेमतेम ४५ टक्क्यांवर आले. एका गुंठ्यासाठी साडेचार ब्रास वाळू कुठली तरी नदी किंवा खाडी खरवडूनच येणार, हा मुद्दा आणखी वेगळा.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. आमची जमीन विटेसारखी झाली त्यात वाळूचा दोष कमी आणि आमचा जास्त होता. भर पावसात, माती लगद्यासारखी असताना आम्ही ती खणली आणि तुडवली. शेतकरी वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि बोटाने टिचकी मारावी. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, नुसता चेपला तर थांबावे. पावसाळी जमिनीवर काम करणाऱ्या माणसाचा हा पहिला धडा आम्ही विसरलो होतो.

पुस्तकात नसलेला भाग

सेंद्रिय खताने भारी जमीन मोकळी होते हे पुस्तक ठामपणे सांगते. ती का मोकळी होते हे मात्र ते नीट सांगू शकत नाही. हा दोष लेखकांचा नव्हे, काळाचा आहे. चिकणकणांची आतली रचना क्ष-किरणांनी उलगडायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती. लायनस पॉलिंग यांचे या विषयावरचे निबंध १९३० चे, तर काळ्या मातीत आढळणाऱ्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाची रचना १९३३ मध्ये मांडली गेली. आज आपल्याला जे ठाऊक आहे ते जोडून घेतल्याशिवाय हे पुस्तक वर्गात नेऊ नये.

चिकणकण म्हणजे ०.००२ मिलिमीटरहून लहान कण. वाळूच्या कणासारखे ते गोल नसतात. ते पापुद्र्यांच्या चळतीसारखे असतात आणि एकेका पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी असते. दख्खनचा बेसाल्ट खडक झिजून जी चिकणमाती बनते तिच्यातल्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते. माती फुगते. पाणी गेले की आकसते आणि भेगा पडतात. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचे आतले-बाहेरचे सगळे पृष्ठफळ मोजले तर ते ६०० ते ८०० चौरस मीटर भरते. चिमूटभर मातीच्या पोटात सहा ते आठ गुंठे जागा! पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची काळ्या मातीची ताकद इथून येते. तेव्हा चिकणकण हे शत्रू नव्हेत. वाळूच्या जमिनीला जे विकत आणावे लागते ते भारी जमिनीत मुळातच असते.

भारी जमिनीची खरी अडचण कण लहान असण्याची नाही. ते कण सुटे सुटे राहून एकमेकांवर घट्ट बसतात ही आहे. तेच कण जर जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या रवाळ ढेकळांत बांधले गेले, तर ढेकळाच्या आत पाणी राहते आणि दोन ढेकळांच्या मध्ये हवा. मुळांना दोन्ही मिळते. ही बांधणी जिवाणूंचे चिकट स्राव, बुरशीचे तंतू आणि बारीक मुळे करतात. आधी सूक्ष्म गोळ्या, मग त्या गोळ्यांची मोठी ढेकळे, अशी ही चढती रचना असते, हे ऑस्ट्रेलियातील टिस्डॉल आणि ओड्स यांनी १९८२ मध्ये नीट मांडले. या जिवांना रोजचे खाणे लागते. ते म्हणजे सेंद्रिय पदार्थ.

इथे पुस्तकातल्या एका कल्पनेला दुरुस्ती हवी. हॉवर्ड आणि वाड यांच्या लेखी ‘ह्यूमस’ हा तयार होऊन निघणारा पक्का माल आहे. गेल्या काही दशकांतल्या संशोधनाने ही समजूत बदलली. मातीतला सेंद्रिय पदार्थ हा साठा कमी आणि प्रवाह जास्त असतो. तो सतत येतो, खाल्ला जातो आणि संपतो. मुंबईसारख्या उष्ण आणि दमट हवेत तर फारच वेगाने संपतो. म्हणून एकदा भरपूर खत घालून जमीन ‘सुधारली’ असे होत नाही. दरवर्षी खत आणि वर्षभर वर पाल्याचे आच्छादन असे लागते. बांधणारे मजूर उपाशी राहिले की बांधकाम कोसळते.

माळवा आणि देवनार

दुसरा आक्षेप जागेचा. इंदूरला वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या उपनगरांत चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पडतो. तिथे पावसाळ्यात ढीग करावेत एवढ्या सूचनेवर भागते. इथे ढिगावर छप्परच हवे, नाहीतर निम्मे नत्र गटारात जाते.

शिवाय देवनारची सगळी माती माळव्यासारखी नाही. एका बाजूला ट्रॉम्बेच्या बेसाल्ट टेकड्या, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी, आणि मधे ठिकठिकाणी भराव. खाडीकाठच्या चिकणमातीत मीठ असते. सोडियमचे कण पापुद्र्यांना चिकटून बसतात आणि त्यांना एकमेकांजवळ येऊ देत नाहीत. अशा जमिनीला शेतकरी चोपण म्हणतात. उन्हाळ्यात तिच्यावर कधी पांढरी खपली दिसते आणि ती बरी वाटते. पावसाने मोकळे मीठ धुऊन गेले, पण सोडियम पापुद्र्यांवर राहिले, की तिचा गाळ होतो आणि पाणी अजिबात मुरत नाही. माळव्याच्या जमिनीसाठी लिहिलेले हे पुस्तक इथे पुरेसे पडत नाही. चोपण मातीला आधी कॅल्शियम हवे आणि तेही विरघळणारे. म्हणून तिथे जिप्सम वापरतात. उलट ज्या काळ्या मातीत सोडियमचा त्रास नाही तिथे जिप्सम घालणे म्हणजे पैसे पाण्यात. कोणती माती आपली, हे आधी पाहिले पाहिजे.

पाहण्याची रीत अगदी सोपी आहे. काचेच्या बशीत पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. वाटाण्याएवढे पूर्ण वाळलेले ढेकूळ त्यात अलगद ठेवावे आणि न हलवता दोन तास पाहावे. ढेकूळ तसेच राहिले तर मातीची बांधणी उत्तम. फुटून तुकडे झाले, पण पाणी स्वच्छ राहिले तर सेंद्रिय पदार्थ कमी. ढेकळाभोवती दुधासारखे वलय पसरले तर बहुधा सोडियमचे काम.

तिसऱ्या प्रकारात आणखी एक प्रयोग करावा. त्याच मातीचे गढूळ पाणी तीन पेल्यांत घ्यावे. एक तसाच ठेवावा, दुसऱ्यात तुरटी फिरवावी, तिसऱ्यात पांढऱ्या खडूची चिमूटभर पूड ढवळावी. फळ्यावर लिहायचे आपल्याकडचे बहुतेक खडू प्लास्टर ऑफ पॅरिसचे, म्हणजे जिप्समचेच असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या पेल्यात गाळ लवकर खाली बसलेला दिसेल. आजीच्या हंड्यातली तुरटी जे करत असे तेच जिप्सम जमिनीत करते. सुटे चिकणकण एकत्र आणते. त्यांना बांधून ठेवण्याचे काम मात्र पुढे खतानेच व्हायचे असते. जिप्सम किती घालायचे हे माती परीक्षणाच्या अहवालाशिवाय ठरवू नये.

पपईच्या खड्ड्यांबाबतही हाच न्याय. फळझाडासाठी खोल खड्डा घेऊन तो चांगल्या मातीने भरावा, असे सर्रास सांगितले जाते. हलक्या जमिनीत ते ठीक. भारी जमिनीत मात्र असा खड्डा म्हणजे न गळणारी बादली. आजूबाजूचे पाणी त्या मोकळ्या मातीत येऊन साचते आणि मुळे गुदमरतात. पपईला हे दोन-तीन दिवसही सोसत नाही. इथे झाड खड्ड्यात नव्हे, हातभर उंचवट्यावर लावायला हवे. मातीला पाण्याइतकीच हवा लागते हा हॉवर्ड यांचा पुसापासूनचा आग्रह होता. तो आम्ही आधी वाचला असता तर चार रोपे वाचली असती.

टाकाऊ म्हणजे काय?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. हॉवर्ड आणि वाड इंदूरला टाकाऊ वस्तूंचे खत करत होते त्याच काळात, १९२७ मध्ये, मुंबईचा कचरा देवनारला टाकायला सुरुवात झाली. पुढे वाड यांनी जॅक्सन यांच्याबरोबर वस्तीतल्या कचऱ्यावर आणि मैल्यावरही इंदूर पद्धत चालते, असा निबंध १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे गावातल्या कचऱ्याचे काय करावे हे लिहून ठेवलेले होते. मुंबईने मात्र पुढची नव्वद वर्षे ओला आणि सुका कचरा एकत्र करून खाडीकाठी रचला. ते क्षेपणस्थान शंभर हेक्टरहून मोठे झाले. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या चित्रांत दिसला आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. साचलेल्या ढिगात हवेविना कुजताना मिथेन तयार होतो, तो पेटतो. दोन फुटांहून खोल जाऊ नका, हवा खेळती ठेवा, हे इंदूरचे सांगणे इतक्या मोठ्या प्रमाणावर खरे ठरलेले क्वचितच दिसेल.

पण म्हणून देवनारच्या शिक्षकाने त्या ढिगातली काळी, भुसभुशीत माती परसबागेला आणावी का? मुळीच नाही. आणि पुस्तक इथेच दिशाभूल करू शकते. १९३१ च्या टाकाऊ वस्तूंत बॅटरी नव्हती, रंगाचे डबे नव्हते, प्लॅस्टिक नव्हते. पाला कुजतो, शिसे कुजत नाही. कुजताना ढिगाचे वजन घटते, धातू तेवढेच राहतात, म्हणजे त्यांचे प्रमाण उलट वाढते. आपल्या खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टसाठी किलोमागे शिशाची मर्यादा १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ५ मिलिग्रॅम ठेवली आहे, ती याचसाठी. अनोळखी ढिगातली माती ही मर्यादा पाळते की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. वासाने कळत नाही. मुले ती भाजी खाणार आहेत, माती लागलेले हात तोंडात घालणार आहेत.

म्हणून ‘टाकाऊ’ या शब्दाची व्याख्या आपण घट्ट करायला हवी. घरातून किंवा शाळेच्या स्वयंपाकघरातून वेगळा निघालेला ओला कचरा आणि आवारातला पाला, एवढेच खताला घ्यावे. जमीन भरावाची असेल किंवा तिच्याविषयी शंका असेल तर माती तपासून घ्यावी. अहवाल येईपर्यंत पालेभाज्या आणि कंदमुळे लावू नयेत. पालक, माठ, मुळा यांच्यात धातू आणि धूळ जास्त जाते, फळभाज्यांत त्या मानाने कमी. अहवाल वाईट आला तर मूळ जमीन सोडून द्यावी आणि बाहेरची खात्रीची माती भरलेल्या उंच वाफ्यांत किंवा पिंपांत बाग करावी.

खड्डा कोण उपसणार?

इंदूरच्या संस्थेत ३३ खड्डे होते, बैल होते, मजूर होते. पुस्तक मजुरीचा हिशेब ठेवते, पण मजुराबद्दल बोलत नाही. आपल्या समाजात घाण उपसण्याचे काम कोणाच्या वाट्याला आले हे आपण जाणतो. देवनारच्या डोंगरावर कचरा वेचणाऱ्या बायाबापड्यांना ते रोज भोगावे लागले. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’ उपक्रमातून कचरावेचक स्त्रियांना खत आणि बागकामाचे शिक्षण दिले, त्यामागे हीच जाण होती. कचऱ्याची पारख असलेल्या माणसाला कारागीर मानायला पुस्तकाने आपल्याला शिकवले नाही. ते या स्त्रियांकडून शिकावे लागेल.

शाळेत याचा अर्थ अगदी व्यवहाराचा आहे. ढीग उलथण्याची पाळी सगळ्यांची हवी. मुलांची, मुलींची आणि शिक्षकांची. ती शिक्षा म्हणून कधीही देऊ नये आणि शाळेच्या सफाई कामगारावर ढकलू नये. प्रा. श्री. अ. दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराने प्रत्येक शेतकऱ्याला प्रयोग करणारा मानले. हॉवर्ड आणि वाड संस्थेतून शेतकऱ्याकडे पाहतात, दाभोलकर शेतकऱ्याच्या बांधावरून विज्ञानाकडे पाहतात. शाळेला दुसरी वाट अधिक जवळची आहे.

एका गुंठ्याचे गणित

या सगळ्यातून शाळेने काय घ्यावे? गुंठ्यातली निम्मी जागा वाफ्यांना आणि निम्मी पायवाटांना द्यावी. वाफ्यात कधीही पाय ठेवू नये. वाफे वीतभर उंच आणि हात पोचेल एवढेच रुंद असावेत. दरवर्षी त्यांवर ५ सेंटिमीटर खत पसरायचे तर अडीच घनमीटर, म्हणजे सुमारे दीड टन लागेल. एका घरातून रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो असे धरले, तर वर्षाला १८० किलो आणि त्याचे खत साधारण पाव, ४५ किलो. म्हणजे तीस-पस्तीस घरे पुरतात. शाळेशेजारची एक इमारत! साडेचार ब्रास वाळूपुढे हा हिशेब ठेवून पाहा.

भाजीची साले नत्राने भरलेली आणि ओली असतात. एकटी ठेवली तर सडतात आणि वास मारतात. वर्षावृक्ष आणि सोनमोहर यांचा वाळका पाला, जो आपण झाडून जाळतो, तो एका बादली ओल्याला दोन बादल्या या मापाने मिसळावा. शेण मिळाले तर उत्तम, नाही तर जुन्या खताची मूठभर विरजणाला पुरते. ढिगात तापमापी खुपसून रोजचा आकडा वर्गाच्या भिंतीवर लिहावा. हवा आणि ओल बरोबर असेल तर तो ५५ ते ६० अंशांपर्यंत चढतो. नाही चढला तर का, याचे उत्तर मुलांनी शोधावे.

आमच्या गुंठ्यात दुसऱ्या वर्षी हे केले. चमत्कार झाला नाही. एका कोपऱ्यात ढेकळाभोवती दुधाळ वलय दिसले, तो कोपरा अजून रुसलेलाच आहे. बाकीच्या वाफ्यांत वांगी धरली, आच्छादनाखाली गांडुळे आली आणि पपई उंचवट्यावर उभी राहिली. ऑक्टोबरात खुरपे आत जाते.

हे पुस्तक शिक्षकाने वाचावे का? जरूर वाचावे. त्यातला खड्डा तसाच्या तसा खणण्यासाठी नव्हे, तर जमिनीला प्रश्न कसा विचारावा आणि उत्तर कसे मोजावे, हे पाहण्यासाठी. माळव्याच्या मातीला हॉवर्ड आणि वाड यांनी जे विचारले ते देवनारच्या मातीला तिथल्या मुलांनी विचारायचे आहे. येत्या मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी, एक वाळके ढेकूळ बशीत ठेवून सुरुवात करता येईल.